नंबरांचा खाडा

नंबरताईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता दोन-तीनच उरली होती, आणि त्यातला नवरा तर फक्त चिडला की ते नाव काढायचा. बाकी सगळ्या लॅबला ती नंबरताई. पगाराच्या पावतीवर सुद्धा कुणीतरी एकदा तेच छापलं होतं. ती मनातून खूशच झाली.

मुळात बाईला नंबरांचं वेडच. लहानपणी ती जिन्याच्या पायऱ्यांवर खडूने आकडे घालायची, आणि कुणी मधल्याच पायरीवर सांडलवंड करून आकडा पुसला तर सगळ्या पायऱ्या पुसून पुन्हा पहिलीपासून सुरू. आईने पाठीत धपाटा घातला तरी ऐकायची नाही. लग्न झालं ते चित्रकलेच्या मास्तरांशी, ज्यांना दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून शाळेत जायला काही वाटत नसे. आता बोला! पण संसार झकास चालला होता. मास्तर पसारा करायचे, ही आवरायची, दोघंही आपापल्या कामात सुखी.

ती काम करायची एका मोठ्या तपासणी-लॅबमध्ये. रक्त, लघवी, थुंकी, माणसाच्या अंगातून जे जे बाहेर काढता येतं ते सगळं तिथे यायचं. आलेल्या प्रत्येक ट्यूबवर, प्रत्येक बाटलीवर एक स्टिकर लागायचं आणि त्यावर एक नंबर. तो नंबर कॉम्प्युटर द्यायचा, आणि कॉम्प्युटरच्या पोटातला जो डेटाबेस तो नंबर काढून द्यायचा, त्याची राखण नंबरताईकडे. सासूबाईंना समजावताना ती म्हणायची, "आई, डेटाबेस म्हणजे एक मोठं कपाट समजा." त्यावर सासूबाई म्हणायच्या, "मग कुलूप नीट लावत जा बाई." विषय संपला.

तिचा नियम एकच होता. नंबर ओळीने गेला पाहिजे, आणि मधला एकही गळता कामा नये. हा नुसता हट्ट नव्हता बरं का. आत, फ्रीजच्या खोलीत रॅकमामा बसायचे. आलेल्या ट्यूब रॅकमध्ये ओळीने लावायच्या, हे त्यांचं काम. मध्ये एखादा नंबर दिसला नाही की मामा ताडकन उठायचे. ट्यूब हरवली! शोधा! एकदा अशीच एक ट्यूब फ्रीजच्या मागे घरंगळली होती, एका तान्ह्या बाळाची. पुन्हा रक्त काढायला त्या बाळाच्या अंगात होतं तरी किती? नुसत्या चुकलेल्या नंबरावरून मामांनी ती शोधून काढली. तेव्हापासून लॅबमध्ये मामांच्या शब्दाला वजन आलं. रोज संध्याकाळी ते इंटरकॉमवर फोन करायचे, "ताई, आज खाडा नाही." दूधवाल्याचा खाडा असतो ना, तसा नंबरांचा खाडा. ती म्हणायची, "नाही ना? मग निघा घरी." इतक्या वर्षांत दोघांनी एकत्र चहा फारसा घेतला नसेल, पण त्या फोनाशिवाय दोघांनाही दिवस संपल्यासारखं वाटायचं नाही.

मग लॅब वाढली. पेशंट दुप्पट झाले, शाखा निघाल्या, आणि लॅब चालवणाऱ्या मोठ्या मॅडमनी एका मशीनच्या जागी तीन मशीन आणली. तीन मशीन, पण माहिती एकच, सगळ्यांची मिळून. याला क्लस्टर म्हणतात. एक बंद पडलं तरी बाकीची दोन काम ओढून नेतात, आणि तिघं मिळून काम तिप्पट व्हायला हवं. व्हायला हवं! प्रत्यक्षात काय झालं, तर सकाळी उपाशीपोटी आलेली माणसं खिडकीसमोर ताटकळत उभी, नर्स हातात सुई घेऊन बसलेली, आणि स्टिकरचा प्रिंटर ढिम्म. एका मशीनवर जे काम धडाधड व्हायचं ते तीन मशीनवर रखडायला लागलं.

कारण नंबरताईला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नंबर ओळीने हवा आणि गळायला नको, म्हणजे पहिल्या मशीनने नंबर द्यायच्या आधी बाकीच्या दोघांना विचारायचं, कुठपर्यंत आलात रे? ते सांगणार, मग हे एक नंबर घेणार, तेवढ्यात दुसऱ्याला हवा असतो, ते तिसऱ्याला विचारतं. तिघांचा अर्धा वेळ चौकशीत. त्यातून नंबर लागोपाठचे, म्हणून तिघांना लिहायचंही एकाच पानाच्या शेवटच्या ओळीवर. कोपराला कोपर लागणारच! मशीन बिचारी काम करायला तयार होती, पण हिच्या नियमाने त्यांचे हात बांधून ठेवले होते.

आणि उपाय? उपाय हातभर लांबीचाही नव्हता, कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमाच्या एका ओळीचा होता. प्रत्येक मशीनला शंभर-शंभर नंबरांचा गठ्ठा आधीच देऊन टाकायचा. आपल्या गठ्ठ्यातून ज्याने त्याने वाटावेत, कुणी कुणाला विचारायला नको. गठ्ठा संपला की पुढचा घ्यावा. पण मग नंबर मागेपुढे होणार. या खिडकीवर बेचाळीसशे, शेजारच्या खिडकीवर त्रेचाळीसशे. आणि एखादं मशीन मध्येच बंद पडलं तर त्याच्या हातातले उरलेले नंबर गेले ते गेलेच. म्हणजे खाडा! नुसता एक नाही, ढीगभर. तो विचारच नंबरताईला नको वाटायचा.

म्हणून ती ते सोडून बाकी सगळं करत बसली. प्रिंटर बदलले, वायरी बदलल्या, मशीनच्या खोलीतला एसी वाढवला. शेवटी मोठ्या मॅडमनी तिला वर बोलावलं. मॅडम वाईट नव्हत्या, पण रोज सकाळी पेशंटांच्या शिव्या खाऊन त्याही टेकीला आल्या होत्या. शेजारी एक टायवाले गृहस्थ बसले होते, बाहेरच्या कंपनीचे. मॅडम म्हणाल्या, "ताई, येत्या सोमवारी जर सकाळ नीट गेली नाही, तर हे सगळं मी यांच्याकडे देणार. तुमची नोकरी जाणार नाही, काळजी करू नका. तुम्हाला जुन्या रिपोर्टांच्या खोलीत जागा देऊ."

जुन्या रिपोर्टांची खोली! तिथे माणूस निवृत्तीपर्यंत धूळ झटकत बसतो. नंबरताई हसून "बरं मॅडम" म्हणाली, आणि जिन्यात येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. पगार तोच मिळाला असता हो. पण ते कपाट तिने हाताने लावलं होतं, एकेक कप्पा. ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं म्हटल्यावर तिला भडभडून आलं.

घरी आली तर तिथे वेगळंच. सासूबाई त्याच सकाळी उपाशीपोटी साखर तपासायला लॅबमध्ये गेल्या होत्या. सुनेची ओळख सांगायची नाही, रांगेतच उभं राहायचं, हा त्यांचा बाणा. तासभर उभ्या राहून, खिडकीवरच्या पोरीला चार शब्द सुनावून, रक्त न देताच त्या परत आल्या होत्या.

"अगं, ते यंत्र काय नंबर दळून काढतं का?" सासूबाई चहात पाव बुडवून खाता खाता म्हणाल्या. "त्या मुलीला विचारलं, अडलंय कुठे? तर म्हणते, नंबर ओळीने यावे लागतात. माझा नंबर मागेपुढे झाला म्हणून माझी साखर वाढणार आहे का गं?"

मास्तर फिस्सकन हसले. नंबरताई म्हणाली, "आई, तुम्हाला त्यातलं काही कळत नाही," आणि तरातरा आत निघून गेली. आत जाऊन कपाटातले हँगर एका दिशेला वळवत बसली. सासूबाईंना काही कळत नव्हतं हे खरं, पण त्या म्हणाल्या ते काही खोटं नव्हतं. राग आला तो त्याचाच.

दुसऱ्या दिवशी ती फ्रीजच्या खोलीत गेली आणि मामांसमोर स्टूल ओढून बसली. तिने सगळं सांगितलं. गठ्ठे, मागेपुढे होणारे नंबर, आणि खाडेसुद्धा.

मामा ऐकत राहिले. मग म्हणाले, "ताई, म्हणजे खाडा दिसला तरी ट्यूब हरवली असेलच असं नाही?"

"नाही."

"मग हरवलेली कळणार कशी?"

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर ती घेऊनच आली होती. "स्टिकर लागलं की खिडकीवर स्कॅनरने एकदा टूं करायचं. ट्यूब तुमच्याकडे आली की तुम्ही दुसऱ्यांदा टूं करायचं. एकदा वाजली आणि तासाभरात दुसऱ्यांदा वाजली नाही, की या स्क्रीनवर नावासकट लाल दिसेल. नंबर कुठला का असेना."

"आणि मी काय करायचं? टूं?"

"मामा..."

"करतो की. टूं तर टूं." मामांनी पाठ फिरवली आणि रॅक पुसायला घेतला. पुसलेलाच रॅक ते पुन्हा पुसत होते. त्या संध्याकाळी इंटरकॉम वाजला नाही. नंबरताई पर्स खांद्याला लावून बराच वेळ फोनाकडे बघत बसली होती.

रविवारी लॅब बंद असताना टूंची सोय करून तिने ती एक ओळ लिहिली. लिहिली, वाचली, पुसली, पुन्हा लिहिली. शेवटी डोळे मिटून बटण दाबलं. काही झालं नाही. छप्पर कोसळलं नाही की दिवे गेले नाहीत. घरी येऊन तिने मास्तरांना सांगितलं, "केलं बाई एकदाचं," आणि मास्तरांनी कौतुकाने चहा केला, ज्यात साखर घालायला ते विसरले.

सोमवार उजाडला. आणि काय सांगू, प्रिंटर नुसते सुटले! स्टिकरमागून स्टिकर. तिन्ही खिडक्या सारख्याच वेगाने चालू. बसायच्या खोलीत एरवी पाय ठेवायला जागा नसायची, तिथे खुर्च्या रिकाम्या पडल्या. रांग लावायला ठेवलेल्या वॉचमनला कामच उरलं नाही, तो आपला पेशंटांना "बसा ना जरा" म्हणत आग्रह करत फिरत होता. नंबरताई काचेआडून बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू काही केल्या जाईना.

तेवढ्यात एसी दुरुस्त करायला आलेल्या वीजवाल्याने आपलं यंत्र लावायला प्लगची जागा हवी म्हणून एक प्लग उपटला. नेमका दुसऱ्या मशीनचा. दुसरं आडवं झालं, बाकीच्या दोघांनी काम उचललं, बाहेर कुणाला पत्ताही लागला नाही. नंबरताईने वीजवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मशीन पुन्हा चालू केलं. वीजवाला म्हणाला, "पण ताई, काही बंद तर पडलं नाही." ते खरं होतं, म्हणून ती जास्तच चिडली. या गडबडीत एक गोष्ट करायची ती विसरली. त्या मशीनच्या हातातले नंबर गेले, हे आत जाऊन मामांना सांगायचं राहिलं.

मामा आपले टूं करून सवयीने रॅक लावत होते. या तीन गठ्ठ्यांशी त्यांनी मनातल्या मनात तडजोड केली होती. तीन रॅक वेगळे, म्हणजे प्रत्येक गठ्ठा आपल्या रॅकमध्ये ओळीने. माणूस हुशार! पण मधला रॅक भरता भरता अर्ध्यातच थांबला आणि पुढची ट्यूब आली ती एकदम नव्या शेकड्यातली. मधले साठेक नंबर गायब.

साठ ट्यूब! मामांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी आरडाओरडा केला, आणि मामा ओरडले म्हटल्यावर सगळी लॅब उठली. फ्रीज रिकामे केले, कचऱ्याचे डबे उपडे केले. एक नर्स टेबलाखाली शिरली, एक ड्रायव्हर शाखेच्या गाडीच्या सीट काढून बसला. वॉचमनला बऱ्याच वेळाने काम मिळालं, तो झाडांच्या कुंड्या हलवून बघत होता. नंबरताई धावत आली तेव्हा मामा जमिनीवर पालथे पडून फ्रीजखाली झाडू फिरवत होते.

"मामा, उठा! ते साठ हरवलेले नाहीत. मशीन बंद पडलं, नंबर वाया गेले."

"इथे साठ माणसांचं रक्त गेलंय आणि तुम्ही नंबर म्हणताय?" मामा तसेच पडून गरजले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणाचं रक्त? नाव सांगा! त्या साठांतल्या एकाचं तरी नाव सांगा मला!"

मामा उठून बसले. त्यांच्या हातात झाडू होता, कपाळाला धूळ लागली होती.  नंबरताईने त्यांचा हात धरून त्यांना स्क्रीनसमोर उभं केलं. सकाळपासून मामांनी तिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. स्क्रीन सगळी हिरवी होती आणि त्यात एकच ओळ लाल. लघवीची बाटली, स्टिकर लागून तासापेक्षा जास्त वेळ झालेला, आत आलीच नाही.

मामांनी चष्मा सरकवून नाव वाचलं. मोठ्याने वाचलं. आणि नंबरताईने कपाळावर हात मारला. तिच्या सासूबाई!

दोघं धावले ते थेट कॅन्टीनमध्ये. सासूबाई रक्त देऊन निवांत चहा-टोस्ट खात बसल्या होत्या. बाटली कुठाय म्हणून विचारल्यावर त्यांनी पर्स उघडली आणि खिडकीवरून स्टिकर लावून दिलेली, भरून रुमालात गुंडाळलेली बाटली काढून टेबलावर ठेवली, बशीशेजारीच.

"खाल्ल्यानंतरचं रक्त द्यायला दोन तासांनी यायचंच आहे ना?" त्या म्हणाल्या. "तेव्हाच देणार होते. दोनदा खिडकीवर कोण जातंय!"

"आई, अहो, पर्समध्ये?"

"मग काय हातात मिरवू?"

नंबरताईला हसावं की रडावं कळेना. मामांनी मात्र ती बाटली दोन्ही हातांनी उचलली आणि लगबगीने निघाले. ती दोघं फ्रीजच्या खोलीशी पोहोचतात तोच समोर मोठ्या मॅडम. मागे टायवाले. आरडाओरडा वरपर्यंत गेला होता.

"मामा, काय ऐकतेय मी?" मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. "साठ सॅम्पल हरवलीत?"

टायवाल्यांनी पाय पुढे टाकला. "मॅडम, मी आत्ता आत पाहून आलो. मधल्या रॅकमध्ये साठ नंबर नाहीतच. घरची माणसं असल्या सिस्टिम सांभाळायला लागली की असं होतं."

नंबरताई एक पाऊल पुढे आली, आणि थांबली. ती खरं तेच सांगणार होती, पण आता तिच्या सांगण्याला कोण विचारतो? ती तर स्वतःला वाचवायला बोलणार असंच सगळ्यांना वाटणार. लॅबमध्ये ट्यूब हरवली की नाही हे मामा सांगायचे, आणि मामा सांगतील ते शेवटचं. मामा एक शब्द बोलले असते, तर ती उद्या जुन्या रिपोर्टांच्या खोलीत. आणि मामांचा राग अजून गेलेला नव्हता, हेही तिला माहीत होतं.

मॅडमनी पुन्हा विचारलं, "मामा, किती हरवलीत?"

मामांनी आधी नंबरताईकडे पाहिलं, मग हातातल्या बाटलीकडे.

"एक," ते म्हणाले. "ही. सापडली."

"आणि ते साठ?"

"ते कुणाचे नव्हतेच. मशीनला दिले होते, मशीन बंद पडलं, वाया गेले. पेशंटाला एकही दिला नव्हता."  पुढचं वाक्य त्यांना जड गेलं, पण त्यांनी ते सगळ्यांसमोर, वॉचमनच्याही देखत म्हटलं. "ओरडलो ते मी उगाच. स्क्रीनवर बरोबर दिसत होतं. मी बघितलं नाही."

टायवाले काहीतरी बोलायला गेले. मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं. बसायच्या खोलीकडे त्यांनी एकदा पाहिलं. रिकाम्या खुर्च्या, मोकळ्या खिडक्या, आणि एक म्हातारे गृहस्थ वॉचमनशी गप्पा मारत बसलेले, कारण त्यांचं काम केव्हाच झालं होतं. "तुमचा वेळ घेतला, माफ करा," त्या टायवाल्यांना म्हणाल्या. "हे आमच्या ताईंकडेच राहू दे." मग नंबरताईकडे वळून हळूच म्हणाल्या, "हे आधीच का नाही केलंत हो?"  ती ओशाळून हसली.

सगळे पांगले. मामा आत जाऊन बाटलीला टूं करून आले, आणि स्क्रीनवरची लाल ओळ हिरवी होताना दोघांनी मिळून पाहिली. नंबरताईचे डोळे भरून आले होते.

"मामा, तुम्ही साठ म्हणाला असतात तर मी संपले होते."

"म्हणणारच होतो," मामा म्हणाले. "खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं माझ्या नंबरांवर लॅब चालली, आणि तुम्ही ते एका रविवारात मोडलेत. शब्द अगदी ओठांवर आला होता."

"मग?"

"मग तुम्ही विचारलंत ते डोक्यात घोळत होतं. साठांतल्या एकाचं तरी नाव सांगा. एकाचंही सांगता येईना हो." त्यांनी कपाळावरची धूळ पुसली. "तुमच्या सासूबाईंचं मात्र पाठ झालं. या जन्मात विसरायचो नाही."

नंबरताई हसायला लागली, आणि हसता हसता तिथेच स्टुलावर बसून ढसाढसा रडली. मामा गडबडले, त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि रॅक पुसायचं फडकं तिच्यापुढे केलं. तिने खुशाल त्यालाच डोळे पुसले.